‘बेन-हर’ची पोस्टरं जमवायची आहेत? आधी कागद वाचायला शिका

जुन्या अमेरिकन सिनेमाचं पोस्टर हातात आलं की मी चित्राआधी त्याची खालची कड बघतो. तिथे मुंगीच्या पायांएवढ्या बारीक अक्षरांत एक सूचना असते. हे पोस्टर नॅशनल स्क्रीन सर्व्हिस या थिएटरांना पोस्टरं पुरवणाऱ्या कंपनीच्या मालकीचं आहे, या चित्रपटाच्या खेळांपुरतंच ते लावावं आणि खेळ संपताच परत करावं. थिएटरवाला ते भाड्यानं आणायचा. एका गावाहून ते दुसऱ्या गावी जायचं आणि टाचण्या, ऊन, ओल सोसून चिंध्या झाल्या की रद्दीत पडायचं. आज जे कागद उरले आहेत ते कुणीतरी परत करायला विसरलं म्हणून, नाहीतर गोदामाच्या कोपऱ्यात एखादा गठ्ठा तसाच राहिला म्हणून. असा कागद जपून ठेवावासा वाटणं मला अगदी स्वाभाविक वाटतं.

नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी ‘बेन-हर’ घ्यायला सांगतो. कादंबरी १८८०ची आणि तिच्यावरचे सिनेमे १९०७पासून २०१६पर्यंतचे. शिळाछापापासून संगणकावर रचलेल्या, कागदाच्या दोन्ही बाजूंनी केलेल्या छपाईपर्यंत पोस्टरच्या छपाईची सगळी वळणं या एकाच गोष्टीत सापडतात. फसण्याच्या जागाही सगळ्या इथेच आहेत. इथे डोळा तयार झाला की बाकीच्या जुन्या सिनेमांची पोस्टरं बघताना फार अडत नाही.

पायरी १: कुठला ‘बेन-हर’, ते आधी पक्कं करा

लू वॉलेस हे अमेरिकी यादवी युद्धात लढलेले जनरल. पुढे ते न्यू मेक्सिको प्रांताचे गव्हर्नर झाले आणि सांता फेच्या राजवाड्यात बसून त्यांनी कादंबरी पुरी केली. हार्पर अँड ब्रदर्सनं ती १२ नोव्हेंबर १८८० रोजी प्रसिद्ध केली. रोमन अमलाखालच्या जेरुसलेममधला ज्यूडा बेन-हर, त्याचा बालमित्र आणि पुढे वैरी झालेला मेसाला, आणि दोघांमधली रथांची शर्यत. पुढच्या जवळजवळ प्रत्येक पोस्टरवर ही शर्यत आहे. नवशिक्याचा गोंधळही तिच्यामुळेच होतो, कारण चित्र सगळीकडे सारखंच वाटतं.

सिनेमाच्या आधी नाटक आलं. १८९९मध्ये न्यूयॉर्कला क्लॉ आणि अर्लँगर या निर्मात्यांनी ते रंगमंचावर आणलं. खरेखुरे घोडे फिरत्या पट्ट्यांवर दौडायचे आणि मागचा पडदा सरकत राहायचा. नाटक सुमारे वीस वर्षं गावोगाव चाललं. त्याची पोस्टरं सिनसिनाटीच्या स्ट्रोब्रिज लिथोग्राफिंग कंपनीनं छापली. शर्यतीचं १९०१चं पोस्टर लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि त्याच्या नकला जगभर विकल्या जातात. ‘मूकपटाचं दुर्मीळ पोस्टर’ म्हणून तुमच्यापुढे येणारी गोष्ट बरेचदा याच नाटकाच्या पोस्टरची नक्कल असते. दुसरी गफलत अलेक्झांडर फॉन वॅग्नर या चित्रकाराच्या रथशर्यतीच्या भव्य तैलचित्रामुळे होते. मूळ चित्र मँचेस्टरच्या कलादालनात आहे. त्याच्या छापील प्रतींचा सिनेमाशी काहीही संबंध नाही, तरी विक्रीच्या यादीत ‘बेन-हर’ हे नाव त्यांना सर्रास चिकटवलेलं दिसतं.

१९०७ साली केलेम कंपनीनं सुमारे पंधरा मिनिटांचा पहिला सिनेमा काढला, तोही परवानगी न घेता. हार्परनं दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९११ साली निकाल लागला: कादंबरीवरून सिनेमा काढणं म्हणजे तिचं नाट्यरूपांतरच, त्यामुळे हक्क विकत घ्यावेच लागतील. अमेरिकेत साहित्यकृतींचे चित्रपटहक्क विकले-घेतले जातात त्यामागे हा निकाल आहे. मला ही कथा फार आवडते, पण संग्राहक म्हणून १९०७च्या मागे लागू नका. ‘१९०७चं अस्सल पोस्टर’ असं कुणी म्हणालं तर पुराव्याशिवाय पाऊल टाकू नका.

खरी सुरुवात १९२५च्या मूकपटापासून होते. मेट्रो-गोल्डविन-मेयरची निर्मिती, दिग्दर्शक फ्रेड निब्लो, ज्यूडाच्या भूमिकेत रॅमन नोव्हारो, मेसाला म्हणून फ्रान्सिस एक्स. बुशमन. पहिला खेळ ३० डिसेंबर १९२५ला न्यूयॉर्कमध्ये झाला. वर्ष संपायला दोनच दिवस असल्यामुळे त्याच छपाईला एका यादीत १९२५ आणि दुसऱ्या यादीत १९२६ असं वर्ष लागलेलं दिसतं. त्यात खोटं काही नाही. हाच सिनेमा १९३१ साली संगीत आणि ध्वनी जोडून पुन्हा आला. त्यामुळे पोस्टरवर ध्वनीची जाहिरात असेल तर ते १९३१चं समजायचं, नोव्हारो कितीही तरुण दिसत असला तरी.

त्यानंतर १९५९. दिग्दर्शक विल्यम वायलर, ज्यूडा चार्ल्टन हेस्टन, मेसाला स्टीफन बॉइड. चित्रीकरण रोमजवळच्या चिनेचित्ता स्टुडिओत झालं. वायलर तरुणपणी १९२५च्या रथशर्यतीच्या चित्रीकरणावर सहायकांपैकी एक होते. हा सिनेमा १८ नोव्हेंबर १९५९ला न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाला आणि १९६९मध्ये थाटामाटात पुन्हा लागला. बाजारात जे दिसतं त्यातलं बहुतेक याच सिनेमाचं असतं. नवख्या संग्राहकानं इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. २००३मध्ये एक ॲनिमेशनपट आला. २०१६च्या तिमूर बेकमाम्बेतोव यांच्या सिनेमाबद्दल पुढे थोडं सांगतो.

पायरी २: मोजपट्टी काढा

विक्रेत्याच्या वर्णनाआधी माप बघा. पाव इंचाच्या फरकानंसुद्धा गोष्ट बदलते.

अमेरिकन थिएटरचं नेहमीचं पोस्टर ‘वन-शीट’. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याचं माप २७ बाय ४१ इंच होतं, नंतर ते २७ बाय ४० झालं. हा एक इंच ध्यानात ठेवा. १९५९चं म्हणून दाखवलेलं पोस्टर २७ बाय ४० भरलं तर एकतर त्याची कड कापलेली आहे, नाहीतर ते नंतर छापलंय. आणि २४ बाय ३६ भरलं तर पुढे विचारायलाच नको. ते घरात लावायला दुकानात विकलं जाणारं माप आहे, थिएटरच्या चौकटीत ते कधी गेलेलंच नाही.

बाकीची मापं वापरता वापरता पाठ होतात. जाड कागदावरची आडवी ‘हाफ-शीट’ २२ बाय २८, उभी अरुंद ‘इन्सर्ट’ १४ बाय ३६. ‘थ्री-शीट’ ४१ बाय ८१, ‘सिक्स-शीट’ ८१ बाय ८१. या मोठ्या पोस्टरांचे तुकडे वेगवेगळे छापून भिंतीवर जोडले जायचे, म्हणून त्यांच्या मधोमध दिसणारा सांधा दोष मानायचा नाही. ‘विंडो कार्ड’ १४ बाय २२ चं. त्याच्या वरच्या भागात कोरी जागा सोडलेली असते आणि तिथे थिएटरचं नाव नि तारखा छापल्या जायच्या. ती कोरी पट्टी कापून टाकलेली विंडो कार्डं खूप येतात, त्यामुळे उंची आवर्जून मोजा. ‘लॉबी कार्ड’ ११ बाय १४ चं. बहुधा आठांचा संच असतो: एक शीर्षकाचं, सात प्रसंगांची.

इतर देशांची मापं वेगळी. ब्रिटिश ‘क्वाड’ आडवं, ३० बाय ४० इंच. इटलीत ‘दुए फोल्यी’ साधारण १०० बाय १४० सेंटिमीटर, ‘क्वात्रो फोल्यी’ त्याच्या दुप्पट. फ्रान्सचं मोठं पोस्टर १२० बाय १६० सेंटिमीटर. जपानचं बी-२ साधारण ५१ बाय ७३ सेंटिमीटर, ऑस्ट्रेलियाचं ‘डेबिल’ अरुंद, साधारण १३ बाय ३० इंच. बेल्जियमची पोस्टरं लहान असतात आणि बहुधा त्यांवर फ्रेंच नि डच अशी दोन्ही भाषांतली शीर्षकं असतात. घरात जागा कमी असेल तर बेल्जियन आणि जपानी पोस्टरांचा विचार जरूर करा. जपानी छपाईची स्वच्छता बघून मी आजही थबकतो.

पायरी ३: खालची पट्टी आणि जाहिरातीचे शब्द वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. पोस्टर आपलं वय स्वतःच सांगत असतं.

अमेरिकन पोस्टरच्या खालच्या पट्टीत, बहुधा उजव्या कोपऱ्यात, नॅशनल स्क्रीन सर्व्हिसचा आकडा असतो. आधी वर्षाचे शेवटचे दोन अंक, मग तिरकी रेघ, मग त्या वर्षातला सिनेमाचा क्रमांक, म्हणजे समजा ५९/१२३ अशा धर्तीचा. त्या आकड्याआधी रोमन ‘आर’ अक्षर असेल तर ते पुनर्प्रदर्शनाचं पोस्टर. ‘आर’ आणि ६९ दिसलं की १९६९. ही पद्धत साधारण १९४०पासून १९८०च्या दशकापर्यंत चालली, म्हणून मूकपटाच्या पोस्टरवर हा आकडा शोधू नका. आणि एखाद्या १९५९च्या पोस्टरवर तो नसला तर लगेच नकली म्हणू नका. सगळ्या कागदांची वाटणी एकाच वाटेनं होत नव्हती. आकडा नसेल तर बाकीच्या खुणा दुप्पट काळजीनं तपासायच्या, एवढंच.

आता शब्द. माझं पहिलं ‘बेन-हर’ पोस्टर याच पायरीवर चुकलं. यादीत ‘१९५९, पहिलं प्रदर्शन’ असं लिहिलेलं. फोटो लहान आणि धूसर. पण शीर्षकाची ती दगडी अक्षरं, एखाद्या डोंगरात कोरून काढलेल्या वास्तूसारखी उभी, मला स्पष्ट दिसत होती आणि मी त्यांवरच भाळलो. पार्सल उघडून पोस्टर टेबलावर पसरलं तेव्हा ११ ऑस्कर मिळाल्याची ओळ ठळक समोर आली. ती पारितोषिकं दिली गेली ४ एप्रिल १९६०ला. म्हणजे नोव्हेंबर १९५९मध्ये लागलेल्या पोस्टरवर ती ओळ असणं शक्यच नव्हतं. मग खालचा कोपरा भिंगाखाली धरला आणि ‘आर’ दिसलं. पोस्टर अस्सल होतं, पण दहा वर्षांनी धाकटं. किंमत मात्र मी थोरल्याची मोजली होती.

म्हणून ऑस्करचा उल्लेख ही ‘बेन-हर’पुरती सगळ्यात सोपी कसोटी. उल्लेख असेल तर पोस्टर एप्रिल १९६०नंतरचं. ते १९६०चंच असू शकतं, कारण न्यूयॉर्कनंतर हा सिनेमा अमेरिकेत सावकाश पसरत गेला. सुरुवातीला ठरावीक मोठ्या थिएटरांत, राखीव आसनं नि मध्यंतर अशा थाटात तो चालला, मग बाकीच्या गावांत. पारितोषिकांची ओळ असलेली १९६०ची पोस्टरंही पहिल्याच प्रदर्शनाच्या काळातली धरली जातात आणि ती घेण्यात कमीपणा काहीच नाही. फक्त यादीत काय लिहिलंय आणि हातात काय येणार आहे ते एक असलं पाहिजे.

परदेशी पोस्टरांवर हा आकडा नसतो. तिथे मुद्रकाचं नाव आणि कुठे बारीक छापलेलं वर्ष शोधायचं. इटलीत तेच चित्र पुनर्प्रदर्शनाला पुन्हा वापरायची पद्धत होती. चित्र तेच, मुद्रक बदललेला. दोन्ही पोस्टरांचे फोटो शेजारी ठेवून मुद्रकाची ओळ ताडून बघा. इटालियन पोस्टरवर महसुलाचं तिकीट चिकटवलेलं असेल तर बिचकू नका. ते पोस्टर खरंच भिंतीवर लागलं होतं, याची ती खूण.

पायरी ४: भिंग, घड्या आणि पाठ

दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या. या छंदात मला याच्याइतकी उपयोगी पडलेली वस्तू दुसरी नाही.

१९५९चं पोस्टर ऑफसेटवर छापलेलं आहे. भिंगाखाली चित्राच्या भागात रंगांचे ठिपके दिसतील, ते असणारच. पण भिंग खाली श्रेयनामावलीवर न्या आणि एखादं छोटं अक्षर बघा. अस्सल पोस्टरवर त्या अक्षराची शाई भरीव असते, कड सुरीनं कापल्यासारखी. नक्कल करणारा मूळ पोस्टरचा फोटो काढून छापतो, त्यामुळे त्याच्या कागदावर अक्षरंसुद्धा ठिपक्यांची होतात. काळ्या अक्षराच्या कडेला निळे, गुलाबी, पिवळे कण सांडल्यासारखे दिसतात आणि सर्वांत बारीक ओळ वाचताच येत नाही. एकदा अस्सल आणि नकली शेजारी ठेवून बघा, नंतर पाच सेकंद पुरतात. यासाठी मी एक स्वस्तातली नक्कल मुद्दाम विकत घेऊन ठेवली आहे. शिकायला येणाऱ्यांच्या हाती तीच आधी देतो.

मूकपटाच्या काळातली मोठी पोस्टरं शिळाछाप, म्हणजे दगडावरून किंवा जस्ताच्या पत्र्यावरून उमटवलेली. भिंगाखाली तिथे ठिपक्यांची शिस्तबद्ध जाळी नसते. खडबडीत कागदावर मेणखडू ओढल्यासारखा अनियमित दाणा असतो आणि एक रंग दुसऱ्यावर चढलेला दिसतो. आकाश, धूळ, घोड्यांच्या अंगावरची चमक हे सगळं या दाण्यातून उभं राहिलेलं असतं. १९२५च्या म्हणवणाऱ्या पोस्टरवर ठिपक्यांची जाळी दिसली की परत द्या. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मारून बघणं हाही एक उपाय आहे. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमकद्रव्यं कागदगिरण्यांत १९५०च्या सुमारास रुळली. त्यामुळे १९२५चा कागद निळसर पांढरा झळाळता कामा नये. १९५९च्या कागदाला मात्र ही कसोटी लागू पडत नाही.

आता घड्या. त्या काळी वन-शीट थिएटरला घडी घालूनच जायचं: तीन आडव्या घड्या, एक उभी, म्हणजे आठ चौकोन. नवीन माणूस घडी बघून नाराज होतो. मी घडी नसलेलं १९५९चं वन-शीट बघून सावध होतो. क्वचित घडी न घातलेली अस्सल प्रतही निघते, पण जाड, गुळगुळीत, चकचकीत आणि घडीचा मागमूस नसलेला कागद म्हणजे बहुधा अलीकडची छपाई. खोट्या घड्याही घालतात. पण जुन्या घडीच्या माथ्यावर कागदाचे तंतू झिजून मऊ झालेले असतात आणि शाई उडून बारीक पांढरी रेघ उमटलेली असते. घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे लहानशी भोकं पडतात. नव्या घडीची धार कडक असते, बोटाला टोचते.

शेवटी पोस्टर उलटं करा. विक्रेते पाठीचा फोटो देत नाहीत, तो मागूनच घ्या. पोस्टर घडीतच गोदामात पडून असायचं, म्हणून बाहेर येणाऱ्या चौकोनावर सिनेमाचं नाव शिक्क्यानं किंवा हातानं लिहिलेलं अनेकदा सापडतं. त्याच चौकोनावर धूळ जास्त बसलेली असते आणि आतले चौकोन तुलनेनं स्वच्छ असतात. हा रंगांतला फरक खोटा करणं कठीण असतं. माझ्या एका पोस्टरच्या पाठीवर कुणीतरी निळ्या पेन्सिलीनं नाव लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. कुणाचा हात होता ते कधीच कळणार नाही. पण समोरच्या चित्राइतकाच मी तो चौकोन बघत बसतो.

पायरी ५: दुरुस्ती ओळखा, आणि घाबरू नका

जुन्या पोस्टरला अनेकदा कापड लावलेलं असतं. संग्राहक याला ‘लिनन-बॅक्ड’ म्हणतात, कापड मात्र बहुधा सुती असतं. नीट केलेल्या कामात पोस्टर आणि कापड यांच्यामध्ये आम्लविरहित कागदाचा थर असतो आणि सगळं खळीनं चिकटवलेलं असतं. ही खळ पाण्यानं सुटते, म्हणजे गरज पडली तर केलेलं काम उलटवता येतं. चांगलं काम कागद वाचवतं, त्यामुळे किंमत पडत नाही.

उष्णतेनं वितळणाऱ्या गोंदानं पुठ्ठ्यावर चिकटवलेलं पोस्टर मात्र वेगळी गोष्ट. ते सोडवणं महाकठीण. प्लॅस्टिकचं आवरण चढवलेलं पोस्टर घेऊच नका. चिकटपट्टीचे पिवळट तपकिरी डाग कागदात मुरलेले असतात आणि पट्टी गळून पडली तरी डाग राहतो.

कापड लावलेल्या पोस्टरबाबत एकच आग्रह धरा: कापड लावण्यापूर्वीचे फोटो. कापड लागलं की पाठ झाकली जाते, घड्या दाबल्या जातात, भोकं भरून रंगवली जातात. आपण चौथ्या पायरीवर ज्या खुणा शोधल्या त्यातल्या निम्म्या तिथे नाहीशा होतात. फोटो नसतील तर पोस्टर तिरक्या उजेडात धरा. नंतर रंगवलेला भाग मॅट दिसतो किंवा उलट जास्त चमकतो, आणि अतिनील टॉर्चखाली तो डाग वेगळाच उठून येतो. चेहरा, शीर्षक आणि रथ यांच्यावर हात फिरलेला असेल तर किंमत उतरायला हवी. कडेच्या समासात फिरलेला असेल तर मी दुर्लक्ष करतो.

पायरी ६: पहिली खरेदी

१९२५ची पोस्टरं फार थोडी उरली आहेत आणि ती लिलावांत मोठ्या रकमांना जातात. त्यांचे फोटो अभ्यासाला ठेवा. हेरिटेज किंवा बोनहॅम्ससारख्या लिलावगृहांच्या मागच्या विक्रीच्या नोंदींत मोठे, स्पष्ट फोटो बघायला मिळतात. तुमच्या डोळ्यांसमोरचं पोस्टर त्यांच्याशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहा.

खरेदी करायला १९५९चं लॉबी कार्ड घ्या. जाड कागद, घडी नाही, छोटं माप, ठेवायला सोपं. रथशर्यतीच्या कार्डाला सगळ्यात जास्त मागणी असते, म्हणून पहिल्यांदा संवादाच्या साध्या प्रसंगाचं कार्ड घेतलंत तर पैसे बरेच वाचतात आणि कागद, शाई, खालची पट्टी सगळं तेच शिकायला मिळतं. दुसरी वस्तू म्हणजे १९५९ची पुठ्ठा-बांधणीची स्मरणिका. रँडम हाऊसनं काढलेलं हे सिनेमाच्या निर्मितीचं पुस्तक थिएटरांतच विकलं जायचं. प्रती पुष्कळ निघाल्या, त्यामुळे आजही सहज मिळते.

तिसऱ्या खेपेला १९६९चं वन-शीट घ्या, १९६९चं म्हणून, १९६९च्या किमतीला. भिंतीवर त्याची ऐट कमी पडत नाही. त्यानंतर हात १९५९-६०च्या वन-शीटकडे न्या.

२०१६चं पोस्टर हवं असेल तर नियम उलटे होतात. माप २७ बाय ४०, घडी नाही, आणि बहुधा दोन्ही बाजूंनी छापलेलं: मागे तेच चित्र उलटं, फिकट. थिएटरच्या चौकटीत मागून दिवा लागतो तेव्हा रंग भरदार दिसावेत यासाठी ही सोय. एकाच बाजूनं छापलेलं असेल तर विचारपूस करा.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला हे विचारा: नेमकं माप किती, खालच्या पट्टीचा जवळून फोटो, पाठीचा फोटो, काही दुरुस्ती झाली आहे का, कड कापलेली आहे का, आणि मनासारखं नसेल तर किती दिवसांत परत घेणार. सचोटीचा विक्रेता यातल्या एकाही प्रश्नाला चिडत नाही. लिलावात बोलीवर लिलावगृहाचा वेगळा अधिभार चढतो, तो धरूनच आपली शेवटची बोली ठरवा आणि ती कागदावर लिहून ठेवा. शर्यतीचं चित्र समोर असलं की हात आवरत नाही.

पायरी ७: घरी आल्यावर

पार्सल आलं की ते तसंच एक दिवस खोलीत राहू द्या. थंड किंवा दमट जागेतून आलेला कागद ताणला की फाटतो. मग स्वच्छ कोरडे हात, मोठं रिकामं टेबल, चहाचा कप दुसऱ्या खोलीत. घडी सावकाश, एकेक करून उघडा. जी घडी अडेल ती ओढू नका.

ठेवायला पॉलिएस्टरची पारदर्शक पिशवी, जी ‘मायलार’ नावानं मिळते, आणि मागे आम्लविरहित पुठ्ठा. साधं प्लॅस्टिक कागदाला चिकटतं. त्या जुन्या काळातला पोस्टरचा कागद लाकडाच्या लगद्याचा, उजेड नि उष्णतेनं तो आपोआप पिवळा पडतो, आणि ओल आली की कसर लागते. म्हणून कपाटात, जमिनीपासून वर, आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत. भिंतीवर लावायचं असेल तर अतिनील किरण अडवणारी ॲक्रिलिकची काच लावा आणि काच नि कागद यांच्यामध्ये फट राहील अशी चौकट करून घ्या. काचेला टेकलेला कागद दमट हवेत तिला धरून बसतो आणि सुटताना शाई घेऊन येतो. उन्हाच्या भिंतीवर कितीही चांगली काच पुरत नाही.

आणि एक वही करा. माझ्या वहीतली नोंद अशी असते: सिनेमा आणि वर्ष, देश, माप इंचांत, खालच्या पट्टीचा आकडा, मुद्रक, पाठीवर काय लिहिलंय, दोष, दुरुस्ती, कुणाकडून, कधी, कितीला. सोबत दोन्ही बाजूंचे फोटो. त्या १९६९च्या पोस्टरची नोंद पहिल्या पानावर आहे. वर्षाच्या रकान्यात ५९ खोडून ६९ केलेलं आहे, आणि ते पोस्टर मी अजून विकलेलं नाही.